‘ताबा सुटला’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आठवड्यातून एखादे वेळी तरी एक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘दुचाकीवरील ताबा सुटल्याने तरुण जागीच ठार.’ गावाचे नाव बदलते, तरुणाचे वय बदलते, वाक्य तेच राहते. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली, त्यांतली निम्मी अमळनेर-पारोळ्याकडे आणि उरलेली तापीच्या पलीकडे चोपडा-यावल पट्ट्यात. ही सगळी नोकरी दुचाकीवरच झाली. मागे लशींचा थंड डबा किंवा कृत्रिम रेतनाचे द्रवनत्र (द्रवरूप नायट्रोजन) पात्र बांधलेले असायचे आणि म्हैस अडली म्हणून निरोप आला की दिवस-रात्र न पाहता निघावे लागायचे. त्यामुळे ते वाक्य वाचताना मला दर वेळी वाटते की बातमी जिथे सुरू व्हायला हवी, नेमकी तिथेच ती संपते. ताबा सुटला हे खरे, पण तो कशाने सुटला? रस्त्यावर काय होते, किती अंतरावर दिसले, आणि त्या पोराने त्या वेळी हाताने आणि पायाने काय केले?

मी स्वतः असाच एकदा ‘ताबा सुटून’ पडलो आहे, म्हणून आधी माझेच सांगतो. मृग नक्षत्राचा पहिला दणकेबाज पाऊस होऊन गेला होता आणि सकाळी वाफसा बघायला शेतात गेलेले ट्रॅक्टर अमळनेर–पारोळा रस्त्यावर परतले होते. त्यांच्या चाकांनी आणलेली काळी माती एका वळणाच्या तोंडाशी वीस-पंचवीस फूट डांबरावर थापली गेली होती आणि वरून शिंतोडे पडत असल्याने तिच्यावर तेलासारखी चकाकी आली होती. माझा वेग पन्नासच्या आसपास असावा. चिखल दिसताक्षणी मी उजव्या हाताने पुढचा ब्रेक कचकन् आवळला; तोवर चाक चिखलात शिरलेही होते. पुढचे चाक फिरायचे थांबले आणि हँडल हातात असूनही नसल्यासारखे झाले. पुढच्या क्षणी मी डाव्या खांद्यावर आणि गाडी माझ्यापुढे दहा फुटांवर. हासळीचे हाड मोडले. द्रवनत्र पात्र मात्र शाबूत राहिले, याचे कार्यालयात कौतुक झाले. मला उचलायला धावलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने धोतराच्या सोग्याने माझे तोंड पुसले आणि अहिराणीत शांतपणे सांगितले, “भाऊ, तू ब्रेक दाबा म्हनीसन पडना.” दोन दिवसांनी एका दैनिकात माझ्याविषयी दोन ओळी छापून आल्या. त्यांत ताबाच सुटला होता. चिखलाचा आणि ब्रेकचा उल्लेख कुठेच नव्हता.

तो म्हातारा अक्षरशः बरोबर होता. वेग कमी करायचा होता तो चिखलाच्या अलीकडे, कोरड्या डांबरावर. एकदा चाक निसरड्यात शिरले की ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी सरळ उभी ठेवायची, एक्सलेटर आहे तसा धरायचा आणि वाहवत पलीकडे निघायचे. बैलही चिखलात धावत नाही आणि एकदम थबकतही नाही, हे मी रोज पाहत होतो. तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा हाताने जे केले ते घाबरलेल्या हाताचे होते. अचानक काही समोर आले की माणसाची मूठ आवळली जाते, हा निसर्ग आहे. आणि नेमकी त्याच मुठीत पुढच्या ब्रेकची दांडी असते.

या साऱ्यामागे साधे गणित आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे सरकते, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडीच कमी. डोळ्यांना म्हैस दिसणे, मेंदूला ती कळणे आणि हात-पाय ब्रेकपर्यंत पोहोचणे यात सावध माणसाचाही साधारण एक सेकंद जातो. मागे बसलेल्याशी बोलत चाललेल्याचा दीड-दोन सेकंदही जातो. त्यानंतर, रस्ता कोरडा, टायर चांगला आणि दोन्ही ब्रेक नीट वापरलेले असतील तर, थांबायला आणखी वीस मीटर लागतात. फक्त मागचा ब्रेक दाबला तर हे वीस मीटर जवळपास दुप्पट होतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे हे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. आता आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाडीचा डिपवरचा दिवा आठवा; तीस-चाळीस मीटरपलीकडचे तो फारसे दाखवत नाही. म्हणजे रात्री साठच्या वेगाने जाणारा माणूस जे दिसेल त्याच्या अलीकडे थांबू शकेलच असे नाही. हे गणित सातवीच्या मुलालाही येते. फक्त ते कुणी त्याला मोटारसायकलवर बसवून करून दाखवत नाही.

पुढच्या ब्रेकविषयी खान्देशात (इतरत्रही असेल) एक पक्का गैरसमज आहे : ‘पुढचा दाबला की गाडी पालथी होते.’ त्यामुळे निम्मे लोक आयुष्यभर पायाच्याच ब्रेकवर गाडी चालवतात. वस्तुस्थिती अशी की गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो, त्या चाकाची पकड वाढते आणि थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम तेच करते. मागचे चाक मात्र हलके होऊन लगेच घसरू लागते. पुढच्या ब्रेकचा दोष नसतो, दोष तो दाबण्याच्या रीतीचा असतो. मला ही गोष्ट धार काढण्यावरून कळली. सड खेचला तर गाय लाथ मारते. बोटे वरून खाली एकेक करत मिटत न्यायची आणि दाब वाढवत न्यायचा, तेव्हा धार लागते. ब्रेकची दांडीही तशीच दाबायची असते : आधी हलका दाब, भार पुढे येऊ द्यायचा, मग जोर. हा सारा खेळ अर्ध्या सेकंदाचा आहे, पण तो अर्धा सेकंद दिला तर चाक फिरत राहते, आणि फिरत्या चाकालाच हँडल ऐकू येते.

नव्या गाड्यांत यासाठी यंत्राची मदत आली आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालच्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस बंधनकारक झाली. पण आमच्या भागात बाजाराच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या तर त्यांतल्या कितीतरी त्याआधीच्या असतात, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतात, आणि त्यांचे मागचे टायर तळहातासारखे गुळगुळीत झालेले असतात. त्यांच्या मालकाला यंत्राची मदत नाही. त्याला हातच शिकवावा लागेल.

अडथळा चुकवण्याचेही तसेच. ब्रेक दाबत-दाबत गाडी वळवायची नाही. टायरजवळ पकड मोजकीच असते. ती थांबण्यात खर्च केली तर वळण्याला उरत नाही. आधी गाडी सरळ ठेवून जमेल तेवढा वेग उतरवायचा, मग ब्रेक सोडून गाडी बाजूला घालायची. शिवाय ती घालायची ती नजरेने. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा माणूस खड्ड्यातच जातो, हे मी स्वतःवर दहा वेळा अनुभवले आहे. शेजारच्या मोकळ्या डांबराकडे पाहिले की हात आपोआप तिकडे नेतात. गाडीला वेग असताना उजवीकडे जायचे तर हँडलची उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. हे सांगितले की लोक हसतात, आणि करून पाहिले की गप्प होतात. खड्डा चुकवणे अशक्यच असेल तर त्याच्या काठाशी पोहोचताना ब्रेक सोडून द्यावा, पायावर भार घेऊन किंचित उठावे आणि सरळ जावे. ब्रेक दाबलेला असताना पुढचे शॉकअब आधीच दबलेले असतात, त्यांना खड्ड्याचा धक्का घ्यायला जागाच राहत नाही.

जनावरांबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण तो माझा प्रांत आहे. गाई-म्हशींचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना भोवतालचे पुष्कळ दिसते, पण येणारी गाडी किती दूर आहे याचा अंदाज त्यांना नीट येत नाही आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून जवळ येऊन कर्कश हॉर्न वाजवणे म्हणजे जनावराला स्वतःच आपल्यापुढे ढकलणे होय. म्हैस एकदा रस्ता ओलांडू लागली की सहसा परत फिरत नाही. तिच्या शेपटीकडून जावे, तोंडाकडून जाऊ नये. गाय एका कडेला आणि वासरू दुसऱ्या कडेला दिसले तर गाय येणारच असे धरून थांबावे. शेळ्यांमध्ये एक गेली की बाकीच्या तिच्यामागे जातात, तेव्हा ‘गेली एकदाची’ म्हणून एक्सलेटर पिळू नये. कुत्र्याचे सगळे उलटे असते : ते मधोमध येऊन परत फिरते, त्यामुळे त्याच्या मागून जाण्याचा हिशेब चुकतो. पाठलाग करणारे कुत्रे आपल्या वेगाचा अंदाज घेऊन पुढच्या जागेवर धावते. थोडे अलीकडेच वेग उतरवावा आणि ते जवळ आले की सरळ निघून जावे, त्याचा नेम चुकतो. त्याला लाथ मारायला पाय काढणारे माझ्या ओळखीचे दोघे जण प्लॅस्टरमध्ये गेले आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याशी, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या चोपडा ते यावल या टप्प्यात, केळीच्या बागा थेट रस्त्याच्या कडेपर्यंत येतात. आठ-दहा फूट उंच पानांच्या भिंतीतून रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) बाहेर पडते तेव्हा ते डांबरावर आल्यावरच दिसते. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, धानोऱ्याच्या अलीकडे, माझ्या दिव्यात डावीकडे दोन हिरवट ठिणग्या चमकल्या. हासळीचे हाड जुळून बरीच वर्षे झाली होती, पण धडा विसरलो नव्हतो : अंधार पडला की मी चाळिसाच्या वर जात नव्हतो आणि उजव्या हाताची दोन बोटे ब्रेकच्या दांडीवर टेकलेलीच असत. मी दाब वाढवत नेला, गाडी सरळ राहिली, आणि एक पूर्ण वाढलेला निळसर काळा नर माझ्यापुढून तीन ढांगांत पलीकडे गेला. गाडी जवळजवळ थांबली होती. मी निघणार तेवढ्यात त्याच वाटेने आणखी दोन माद्या गेल्या. पहिला गेल्यावर मी गाडी रेटली असती तर माझीही बातमी आली असती, आणि आपल्या बातमीदाराने काय लिहिले असते हे मला ठाऊक आहे.

जनावराला दोष देता येत नाही. रस्त्यावरचे बाकीचे पुष्कळसे धोके मात्र माणसानेच तिथे ठेवलेले असतात. मागे लाल दिवा किंवा साधी रेडियमची पट्टीही नसलेली उसाची किंवा कपाशीची ट्रॉली. बंद पडलेल्या ट्रकभोवती मांडलेले आणि ट्रक निघून गेल्यावर तिथेच राहिलेले दगड. केळीच्या गाडीतून पडलेली ओली पाने, ज्यांच्यावरून चाक साबणावरून गेल्यासारखे जाते. वाळायला किंवा मळणीला डांबरावर पसरलेले पीक. रस्ता उंच केला पण साईडपट्टी मुरूम टाकून भरली नाही म्हणून राहिलेली अर्ध्या फुटाची धार, जिच्यावरून खाली उतरलेले चाक परत वर चढताना गाडी आडवी करते. आणि ठिगळ लावून झाल्यावर झाडून न नेलेली बारीक खडी. वळणावरची खडी हा माझ्या मते या सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण ती लांबून दिसत नाही आणि दिसते तेव्हा गाडी आधीच कललेली असते.

गतिरोधकांविषयी वेगळे लिहावे लागेल. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखरूप ओलांडता यावा. त्यावर पांढरे-काळे पट्टे असावेत आणि अलीकडे सूचनाफलक असावा. आमच्याकडे एखादा अपघात झाला की ग्रामस्थ रास्ता रोको करतात आणि रातोरात डांबराचा एक अरुंद, उंच, रंग नसलेला उंचवटा उभा राहतो. ग्रामस्थांचा राग मला समजतो. पण एका मुलाला वाचवण्यासाठी केलेला तो उंचवटा पुढच्या आठवड्यात अंधारात मागे बसलेल्या एखाद्या आजीला उडवतो, तेव्हा पुन्हा ताबाच सुटलेला असतो.

कायद्यात याला उत्तर नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ घातले गेले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी रस्त्यावर काय होते हे कुठेतरी नोंदलेले हवे. पंचनाम्यात ‘भरधाव वेगात, हयगयीने’ आणि बातमीत ‘ताबा सुटल्याने’ एवढेच असेल, तर चिखल पुढच्या पावसात वाहून जातो, खडी वाहनांच्या चाकांनी कडेला जाते, आणि सगळा दोष मेलेल्याच्या नावावर कायमचा चढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. एवढ्या साऱ्यांना गाडी चालवता येत नव्हती, असे तर आपल्याला म्हणायचे नाही ना?

अर्थात, चालवणाऱ्याची बाजू मी सोडून देत नाही. पोरे वेगाने चालवतात, हे मीही बघतो. पण शिकवले कुणी, हाही प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये परवान्याच्या चाचणीत आणीबाणीच्या वेळी वाहन थांबवता येणे अपेक्षित धरलेले आहे. प्रत्यक्षात आमच्याकडचा दुचाकीस्वार पाय न टेकवता इंग्रजी आठचा आकडा काढतो, हात दाखवतो आणि परवाना घेऊन घरी येतो. अचानक थांबण्याचा पहिला सराव तो थेट म्हशीसमोर करतो. हेल्मेटची सक्ती योग्यच आहे आणि मी ते गावातल्या गावातही घालतो, परंतु हेल्मेट पडल्यानंतर कामाला येते. मी पडण्याआधीच्या दोन सेकंदांविषयी लिहीत आहे.

या दोन सेकंदांची तयारी फुकटात होते, हे मी घरी करून पाहिले आहे. माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाजार समितीचे आवार रिकामे असते, तिथे मी एक विटकर ठेवली आणि त्याला ताशी तीसच्या वेगाने येऊन तिच्यापाशी ब्रेक लावायला सांगितले. पहिल्या खेपेला त्याने फक्त पाय दाबला. मागचे चाक साप सरपटावा तसे घसरत गेले आणि गाडी विटकरीच्या पलीकडे बारा-तेरा पावले जाऊन थांबली. मी पावले मोजून त्याला मोठ्याने सांगितली, त्याला ते आवडले नाही. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायला शिकेपर्यंत दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या रविवारी तो सहा-सात पावलांत थांबत होता. मग वेग चाळीस केला, मग रस्त्यावर पाणी ओतले, आणि शेवटी त्याच्यामागे पन्नास किलोचे खताचे पोते बांधले, कारण आपल्याकडे गाडीवर एकटा माणूस क्वचितच असतो. आता त्याचे तीन मित्रही येतात. कनिष्ठ महाविद्यालयांच्या मैदानांवर परिवहन विभागाने आणि वाहतूक पोलिसांनी असे दोन तास घडवून आणले, तर रस्ता सुरक्षा अभियानातल्या फलकांपेक्षा त्याचा उपयोग नक्की जास्त होईल.

आपल्याकडे माझी मागणी लहान आहे. दुचाकीच्या अपघाताची बातमी देताना आपल्या बातमीदाराने घटनास्थळी जावे, किंवा निदान तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारावे की रस्त्यावर काय होते : जनावर, खडी, चिखल, बिनदिव्याची ट्रॉली की बिनरंगाचा गतिरोधक. डांबरावर घसरल्याची काळी रेघ उमटली आहे का, हे पाहावे. चाक जाम झाले होते की नाही हे ती रेघ सांगते. जमले तर गाडीऐवजी रस्त्याचा फोटो छापावा. महिनाभर जरी असे केले तरी तालुक्यातल्या कोणत्या जागी, कशामुळे माणसे पडतात याची यादी आपल्याच जुन्या अंकांतून तयार होईल आणि ती घेऊन आम्हाला बांधकाम विभागाकडे जाता येईल.

पानावर जागेची टंचाई असते, हे मला माहीत आहे. त्यावर तोड म्हणून सुचवतो की ‘दुचाकीवरील ताबा सुटल्याने’ हे शब्द गाळावेत. तेवढ्या जागेत ‘वळणावर खडी पडलेली होती’ हे वाक्य सहज बसते.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव